आधी चालवून बघू

आमच्या शेजारच्या रघूभाऊजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या पायात बायकी चपला होत्या.

नव्या कोऱ्या, लाल पट्ट्यांच्या, आणि त्यांच्या पायाला निम्म्यानं लहान. टाचा मागे लोंबत होत्या. गडी चांगला उंचापुरा, मिशीवाला, अंगात कारखान्याचा निळा डगला, आणि चिंचवड स्टेशनापासून आमच्या चाळीपर्यंत एवढा रस्ता तो त्या चपला घालून चालत आला होता. आम्ही त्याच दिवशी बिऱ्हाड घेऊन आलो होतो. मी टांग्यातून उतरत होते. एका काखेत छबी, दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी. शहाण्या बाईनं अशा वेळी खाली मान घालून खोलीत जावं. पण मला चौकशीची खोड आहे, ती माहेरापासूनची. मी तिथंच विचारलं.

"अहो, पायाला लागत नाही का?"

"लागतंय की!" ते एकदम खूश होऊन म्हणाले. "डाव्या अंगठ्यापाशी चूक टोचतीय. त्येच बगत हुतो. बहिणीच्या हाईत. उद्या तिला टोचल्यावर कळून काय उपेग?"

एवढं बोलून ते ओट्यावर बसले, खिशातून हातोडी काढली, वर आलेला तो बारीक खिळा ठोकला, पुन्हा चपला घालून नळापर्यंत जाऊन आले. मग पिवळ्या खडूनं दोन्ही तळव्यांवर बरोबरची खूण केली आणि हाक मारली, "विमल, ने गं. पास हाईत."

आमचे हे कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून. संध्याकाळी त्यांनी खुलासा केला. कारखाना पाण्याच्या पंपांचा. पंप जोडून तयार झाला, की तो रघूभाऊजींच्या हौदावर यायचा. तिथं तो पाण्यावर घालून आठ तास सलग चालवायचा. कुठं गळतोय का, कुठं तापतोय का, आत काही खडखडतंय का, सगळं बघायचं. त्यांच्या खडूची पिवळी खूण पडल्याशिवाय पंप गेटाबाहेर जात नसे. एकदा मॅनेजरसाहेब घाईवर आले होते, गिऱ्हाईक बैलगाडी घेऊन दारात उभं होतं. भाऊजी म्हणाले, साहेब, खडू घ्या, खूण तुमीच करा. साहेब मुकाट्यानं परत गेले.

असं काम दिवसभर केल्यावर माणसानं घरी येऊन ते विसरावं की नाही? पण भाऊजींचं तसं नव्हतं. नवी छत्री आणली, की हे छत्री उघडून अंगणात बसायचे आणि विमल वरून घागर ओतायची. नवा स्टोव्ह आणला, तर वर काही न ठेवता तो तिन्हीसांजेपर्यंत नुसता पेटवून ठेवला. मी म्हटलं, "अहो, रॉकेल जळतंय!" तर म्हणाले, "जळू द्या वैनी. भडकायचा असंल तर आजच भडकू दे, वर भांडं नसताना."

आमच्या छबीचा पाळणा टांगला तेव्हा तर कहरच. मी तिला पाळण्यात ठेवणार, एवढ्यात भाऊजी दारात. "थांबा, थांबा वैनी. आधी चालवून बगू." छबीला हातात घेऊन त्यांनी वजनाचा अंदाज घेतला. मग घरून तेवढी ज्वारी पिशवीत भरून आणली, पाळण्यात ठेवली आणि तासभर झोके देत बसले. मधून मधून आढ्याच्या कड्याकडे मान वर करून बघायचे. येणारी-जाणारी माणसं दारात थबकत होती. परका पुरुष आमच्या घरात ज्वारीला जोजवतोय, काय सांगायचं लोकांना! पण खरं सांगते, कड्यावर ती पिवळी खूण पडल्यावर मला जी निर्धास्त झोप लागली, तशी बाळंतपणानंतर लागली नव्हती.

भाऊजींकडं एक सळई होती. हातभर लांब, लोखंडाची, दोन्ही टोकं घासून गुळगुळीत. तिचं एक टोक पंपाच्या अंगाला टेकवायचं आणि दुसरं कानामागच्या हाडावर. डोळे मिटायचे. म्हणे आतलं सगळं ऐकू येतं. मला खरं वाटेना. म्हणून एकदा माझ्या शिवणाच्या मशिनाला त्यांनी सळई लावून दिली. विमलनं पाय मारले, मी कान लावला. अगं बाई! आत कोणीतरी दळण घेऊन बसल्यासारखं स्वच्छ ऐकू आलं.

"काय म्हणतंय?" भाऊजींनी विचारलं.

"घरघर करतंय."

"तेल मागतंय." आणि खरोखर, तेल सोडल्यावर घरघर थांबली.

भाऊजी मूळचे चाकणच्या पलीकडचे, शेतकरी घरातले. आई गेली तेव्हा विमल चार वर्षांची. मागोमाग वडील गेले. लढाईच्या दिवसांत खडकीला हे काम शिकले आणि बहिणीला घेऊन तिथंच राहिले. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा आणि चार वर्षांची पोर. तिची वेणी कोण घालणार? दाराच्या कडीला सुतळीचे तीन पेड बांधून यांनी रोज कामावरून आल्यावर सराव केला म्हणे. पंधरा दिवसांनी विमलच्या डोक्याला हात लावला. हे मला विमलनंच सांगितलं. "आणि वहिनी, अजूनही माझ्यापेक्षा दादाची वेणी घट्ट होते," असंही म्हणाली.

स्वतःच्या लग्नाचा विषय काढला, की भाऊजी पाना शोधायला उठायचे. "आधी विमलचं मार्गी लागू द्या." बस्स. पुढं काही नाही.

ही विमल तळेगावच्या शाळेत शटल गाडीनं जायची-यायची. आमच्या बिऱ्हाडाला वर्ष झालं तेव्हा ती मॅट्रिक पास झाली, आणि नुसती पास नाही, गणितात शाळेत पहिली. तिला सायन्सला जायचं होतं. पुण्याच्या कॉलेजात नाव लागलं. प्रॅक्टिकलं संपायला संध्याकाळ व्हायची, पुढं गाडीचा भरवसा नाही, म्हणून मुलींच्या वसतिगृहातही जागा मिळाली. आमच्या चाळीत मुलगी कॉलेजात जाण्याची ही पहिलीच वेळ. आमच्याकडं बातमी अशी असते, की जिच्याबद्दल असते तिला सोडून सगळ्यांना मत असतं.

जो तो तिला उपदेश करू लागला. आमच्या ह्यांनी तर अर्धा रविवार घालवला. लवकर उठावं, व्याख्यानं टिपून घ्यावीत, अवांतर वाचन करावं. हे स्वतः कॉलेजात दोन टर्म होते आणि दोन्ही टर्म क्रिकेट बघत होते. पण सल्ला देताना ते काही सांगितलं नाही. मी म्हटलं, वसतिगृहात लोणचं कुलपात ठेव. तोही उपदेशच म्हणा.

भाऊजी मात्र गप्प. विमल विचारायची, "दादा, तू काहीच सांगत नाहीस." तर म्हणायचे, "मी कुठं गेलोय कालेजात? चालवून बगितल्याबिगर कसं सांगायचं?"

आणि गेले की! कारखान्यात तीन दिवसांची रजा टाकली. कारण काय लिहिलं, तर 'कॉलेज'. टाइम ऑफिसात तो अर्ज आमच्या ह्यांच्याच हातात आला. ह्यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि पुढं सरकवला.

पहिल्या दिवशी त्यांनी विमलची नवी ट्रंक पंपाच्या सुट्या भागांनी भरली, तिच्या पुस्तकं-कपड्यांच्या वजनाइतकी, आणि पुणे स्टेशनपासून वसतिगृहापर्यंत हातातून नेली. कुठं दम लागतो, कुठं टेकायला कट्टा आहे, ते बघितलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजातले, आणि रेक्टरबाईंची परवानगी काढून वसतिगृहातलेही, सगळे नळ उघडून पाहिले. तिसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर, कोट आणि टोपी घालून ते थेट वर्गात जाऊन बसले.

वरच्या वर्गांचे तास सुरू झालेले होते. नव्या मुलांना अजून पंधरा दिवस होते. मागच्या बाकावर हे मिशीवाले विद्यार्थी बसले. हजेरी झाली. कोणी काही विचारलं नाही. बहुधा कोणाचा तरी पालक असेल असं प्रोफेसरांना वाटलं असणार. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐका.

"इंग्रजीत सांगत हुते वैनी. कायबी कळंना. मी आपला भिंती बगत बसलो. तेवढ्यात त्यांनी फळ्यावर चित्र काढलं. बगतो तर पंप! आपला हातपंप की वो! लई बरं वाटलं. मग नीट बगितलं, तर खालची झडप उलटी."

"मग?"

"मग काय, उठलो."

"उठलात? भर वर्गात?"

"आता उलट्या झडपंनं पाणी कसं चढायचं? असलेलं बी हिरीत जायचं. म्हटलं, सर, ह्यो पंप पास न्हाई."

पोरं खो खो हसली म्हणे. प्रोफेसरांनी फळ्याकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि फडक्यानं झडप पुसून सुलट काढली. मग त्यांनी भाऊजींना पुढं बोलावून खडूच हातात दिला. भाऊजींनी फळ्यावरच्या पंपाशेजारी आपली बरोबरची खूण केली, नमस्कार केला आणि साडेतीनची गाडी पकडून घरी आले.

विमलनं हे ऐकून कपाळाला हात लावला. "दादा! आता मी तिथं तोंड कसं दाखवू?"

"तुजं नाव कुठं सांगितलं मी? चित्र चुकलं हुतं, दुरुस्त केलं, इषय मिटला." मग त्यांनी तिला समोर बसवलं आणि पहिल्यांदा उपदेश केला. मी दारात तांदूळ निवडत होते, म्हणजे निवडण्याचं नाव. कान तिकडंच होते.

"हे बग. वसतिगृहाच्या जिन्याची सहावी पायरी हालती, तिथं पाय जपून. मोरीतला डावीकडचा नळ गळतो, उजवा घे. वर्गात खिडकीजवळचं तिसरं बाक धर, तिथं फळा चमकत न्हाई. मागनं पोरं हसली, तर वळून बगायचं न्हाई. त्यो नुसता आवाज असतो, त्यात जोर नसतो. एकदम सगळं समजायला पायजे असं बी न्हाई. इंग्रजी न्हाई कळलं, तर चित्र बग. आन येक ध्येनात ठेव. नवं मशीन पयले आठ दिवस आवाज करतंच. सगळीकडनं खडखडतं, वाटतं आता तुटतंय. तवा घाबरून बंद करायचं न्हाई. चालू ठिवायचं. बसतं आपोआप."

विमलनं मान हलवली. आमच्या ह्यांच्या अर्ध्या रविवारात एवढं एकही वाक्य नव्हतं, हे मी त्यांना त्याच दिवशी ऐकवलं.

सगळं असं जमत आलं आणि चाकणकडून चुलते आले. पागोटं, काठी, आणि बसल्याबसल्या सुरुवात. "रघ्या, पोरगी एकली पुन्यात ठिवनार? भावकीत त्वांड दावायचं हाय मला. सोयरीक आनलीय. पोरगा चांगला हाय, हिरीवर इंजान बसिवलंय."

"इंजान बगितलं, पोरगा चालवून बगितला का?" भाऊजींनी विचारलं. "आठ दिस धाडा हिकडं. बगतो."

चुलत्यांना थट्टा झेपली नाही. काठी आपटून म्हणाले, "तिला घराबाह्येर ऱ्हायाची सवं हाय का? एक रात तरी तुला सोडून ऱ्हायलीय का? चार दिसांत रडत येईल, मग सोयरीक बी गेलेली असंल आन अब्रू बी. शिकायचं तितकं शिकली. फुडल्या आईतवारी येतो, काय त्ये सांग."

ही गोष्ट खरी होती. तेरा वर्षांत विमल एक रात्रसुद्धा दादाला सोडून राहिली नव्हती. चुलते गेले आणि भाऊजी बराच वेळ मिशी ओढत बसले. विमलचा चेहरा एवढासा झाला होता. ती माझ्याकडं आली आणि नुसती उभी राहिली. मी तिला जवळ घेतलं. मला वाटलं, झालं, बुडालं कॉलेज.

थोड्या वेळानं भाऊजी दारात. "वैनी, एक काम हुतं. विमलला आठ दिस तुमच्याकडं ठिवा."

"म्हणजे? शेजारीच तर आहे ती."

"तसं न्हवं. पुण्याला गेली असं धरायचं. परक्या जागी झोप लागती का, परक्या हातचं गोड लागतं का, बगू. हिकडं पाऊल टाकायचं न्हाई, माज्याशी बोलायचं न्हाई. आठ दिस चालली तर पास. मग चुलता काय, त्याचा बाप आला तरी आयकायचा न्हाई. न चालली, तर..." त्यांनी विमलकडं बघितलं आणि ट्रंक आणायला गेले.

आता आमच्या दोन खोल्यांमध्ये एक भिंत, तीही एका विटेची. इकडं शिंक आली तर तिकडून 'शतायुषी हो' म्हणावं, अशी. पण भाऊजींनी नियम म्हणजे नियम पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर विमल हंडा घेऊन उभी, मागं हे घागर घेऊन. मी मुद्दाम बघायला गेले. भाऊजी तिच्या डोक्यावरून पलीकडं, रुळांकडं बघत उभे! विमल हसू दाबत म्हणाली, "दादा, पुढं ये ना." तर ते माझ्याकडं वळून म्हणाले, "वैनी, पुण्यातली माणसं चिंचवडच्या नळावर दिसत्यात व्हय?"

तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला. कार्ड होतं, विमलच्या नावानं, आमच्या पत्त्यावर. शेजारच्या खोलीतून निघून, पोस्टात जाऊन, शिक्का खाऊन आमच्या दारात आलेलं. पोस्टमननं आमच्याकडं बघितलं, शेजारच्या दाराकडं बघितलं आणि सायकल काढली. विमलनं मोठ्यानं वाचलं.

"चि. विमल हीस अनेक आशीर्वाद. विशेष. इकडील सर्व खुशाल. तिकडचे पाणी कसे आहे ते कळवणे. अभ्यास करणे. मांजर दोन दिवस भाकरी खात नाही, पण त्यात काळजीसारखे काही नाही. आपला, दादा."

"पाणी! अरे, एकच नळ आहे आपला!" विमल हसून हसून लोळली. मग डोळे पुसत म्हणाली, "पण वहिनी, आमच्याकडं मांजर कुठं आहे? दादानं मांजर पाळलं वाटतं मी नसताना!"

मीही हसले. पण हसता हसता माझ्या मनात चुकचुकलं. त्या दिवसापासून मी भिंतीकडं लक्ष द्यायला लागले. विमलची काही तक्रारच नव्हती. पहिल्या रात्री जरा कूस बदलत होती, मग गाढ झोपली. जेवायची व्यवस्थित. छबीला खेळवायची, माझ्या मागं लागून पुरणपोळी शिकायची. पलीकडं मात्र स्टोव्हचा आवाज नाही. भांड्याचा नाही. एरवी भाऊजी घरात असले, की काहीतरी ठोकण्याचा आवाज असायचाच, तोही नाही. मांजराचा तर नाहीच नाही.

पाचव्या दिवशी मला राहवेना. दिवेलागणीची वेळ. विमल छबीला पायावर घेऊन झुलवत होती, दोघी खिदळत होत्या. मी वाटीभर आमटी घेतली आणि बाहेर पडले. बहाण्याला आमटी बरी असते.

भाऊजींचं दार लोटलेलं होतं. हाक मारणार, तेवढ्यात फटीतून दिसलं आणि मी थबकले. भाऊजी जमिनीवर भिंतीला लागून बसले होते. हातात ती सळई. तिचं एक टोक भिंतीला टेकवलेलं, दुसरं कानामागं. डोळे मिटलेले. बाजूला खानावळीतून आणलेलं ताट झाकलेलं, तसंच. आमच्याकडून छबीच्या आणि विमलच्या हसण्याचा आवाज येत होता. तो तसाही ऐकू येतच होता की. पण त्यांना तेवढा पुरत नव्हता.

मी उलट्या पावली परत आले. आमटी ओट्यावर ठेवली आणि पदर तोंडाला लावून तिथंच बसून राहिले. मला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता, की मेली, सगळीकडं डोकावायची हौस, आता घे! ही आठ दिवसांची भानगड विमलसाठी नव्हतीच. ती चालेल, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

माझ्या पोटात काही राहत नाही, हे चाळीत पोराटोरांनाही माहीत आहे. पण हे राहिलं. विमलला एका शब्दानं कळलं असतं, तर तिनं ट्रंक उघडून कपडे परत फळीवर लावले असते. ह्यांनासुद्धा मी सांगितलं नाही. रात्री विमल म्हणाली, "वहिनी, डोळे का लाल झालेत?" मी म्हटलं, "कांदा." आमटीत कांदा नव्हता, पण पोरगी भोळी.

आठव्या दिवशी, रविवारी, चुलते यायच्या आधी भाऊजी आले. हातात पिवळा खडू. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. दारातच उभे राहून विचारलं, "वैनी, सांगा. झोप?"

"लागते. ढाराढूर."

"जेवान?"

"चार पोळ्या."

"रडली?"

"एकदाही नाही."

विमल आत वेणी घालत होती. भाऊजींनी खाली वाकून ट्रंकेवर भलीमोठी खूण केली. मी त्यांच्या मागोमाग ओट्यावर आले आणि आवाज खाली करून म्हटलं, "आणि भाऊजी, मांजराचं काय?"

त्यांनी झटकन माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बोट केलं आणि कानामागं हात नेला. ते समजले. मान खाली घालून खडू बोटांत फिरवत राहिले.

"आजवर नापास माल आपल्या हातनं गेटाबाह्येर गेला न्हाई वैनी," शेवटी म्हणाले.

"तेच म्हणते मी. मग आता?"

"आता काय? विमल पास हाय. नापास मी झालोय." ते कसंनुसं हसले. "आन मी कुठं पुण्याला चाललोय?"

तेवढ्यात चुलते काठी टेकत आलेच. भाऊजींनी त्यांना ट्रंकेवरची खूण दाखवली. "काका, पास झाली. जाती पुण्याला." चुलते तासभर बोलले, भावकी काढली, मेलेल्या भावाला साक्षीला काढलं. भाऊजी प्रत्येक वेळी तेच म्हणाले, "पास झाली, काका." चुलते चहा न घेता गेले. पुढं दिवाळीला आले, तेव्हा प्यायले.

विमल गेली तो दिवस मी सांगत नाही. भाऊजी ट्रंक घेऊन पुढं, ती मागं, पायात त्या लाल पट्ट्यांच्या चपला. हालत्या सहाव्या पायरीपर्यंत पोचवून ते संध्याकाळी परत आले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

तीन आठवडे झाले असतील. सकाळी नळावर भेटले. दाढी केलेली, कपडे स्वच्छ. विमलचं कार्ड आलं होतं, तिसरं बाक मिळालं, नळ उजवाच वापरते, म्हणून सांगत होते. मी जरा बरं वाटून विचारलं, "काय भाऊजी, आठ दिवस तर कधीच होऊन गेले. बसलं का तुमचं मशीन?"

त्यांनी घागर नळाखाली सरळ केली.

"न्हाई वैनी. आजून आवाज करतंय."

"मग?"

"मग काय? चालू ठिवायचं."

त्या दिवशी तिन्हीसांजेला मी छबीची गोधडी भाऊजींच्या भिंतीला लागून अंथरली आणि तिला तिच्यावर ठेवलं. ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "अगं, तिथं कशाला? कोपऱ्यात उकडतं."

"इथं वारा लागतो," मी म्हटलं. त्या भिंतीला ना खिडकी, ना झरोका. ह्यांनी भिंतीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. माझ्याशी वीस मिनिटं वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

मी चुलीशी जाऊन तव्यावर भाकरी टाकली, तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून बारीकसा आवाज आला. टक्. लोखंड विटेला टेकल्याचा.

मी परत फिरले, गोधडीवर बसले आणि छबीला गुदगुल्या केल्या. ती खळखळून हसली. तव्यावरची भाकरी करपली तरी मी उठले नाही, पुन्हा गुदगुल्या केल्या.